बिनहाकेचा धूर

कडा वाचला. हे आधीच सांगून टाकते, कारण डार्विन शहराहून येणाऱ्या साहेब लोकांना तेवढंच ऐकायचं असतं. कडा वाचला म्हटलं की ते माना डोलावतात, आम्हा रेंजर लोकांच्या हिरव्या शर्टांशेजारी उभं राहून फोटो काढून घेतात आणि विमान गाठायला पळतात. पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही. मीही कुणाला धरून सांगत नाही. पण साठून साठून आता घशाशी आलंय.

कडा म्हणजे आमच्या दगडांच्या मुलखातली एक लांबलचक कपार. वर दगडाचं छत आणि आत भिंतभर चित्रं. मासे, कासवं, कांगारू, एक शिडाची होडी, कमरेवर हात ठेवून उभा असलेला एक बंदूकवाला गोरा, आणि या सगळ्यांच्या खाली इतकी जुनी चित्रं की ती आता दगडाचाच रंग झालीत. त्या जागेला नाव आहे. ते मी घेणार नाही, कारण मामाचं नाव त्याच नावावरून ठेवलेलं होतं आणि मामा गेला. गेलेल्याचं नाव घेतलं की तो मागं वळून बघतो. आमच्याकडे हेलिकॉप्टर घेऊन येणारा पायलट आहे, गोराच आहे, पण त्याचं नाव नेमकं मामाच्या इंग्रजी नावासारखं. मामा गेल्यापासून सगळं गाव त्याला टोपीवाला म्हणायला लागलं. बिचाऱ्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. एक दिवस माझ्याजवळ येऊन म्हणाला, "नोएलीन, लोक माझ्यावर चिडलेत का गं?" मी म्हटलं, "चिडलेले असते तर टोपीसुद्धा म्हणाले नसते."

कडा मामाचा. त्याच्या बापाचा, आजाचा. मी मामाच्या बहिणीची मुलगी, म्हणून मी राखणदार. आमच्यात मालक एकटा काही ठरवत नाही. चित्रावर नवा रंग चढवायचा असो, पाहुणा आत न्यायचा असो, गवत पेटवायचं असो, भाचरांना विचारावं लागतं. भाचरं नाही म्हणाली तर मालकानं गप्प घरी बसायचं. मामाला हे टोचायचं. "तुझं शेंबडं नाक मी पुसलंय, आणि आता तुझी परवानगी काढू?" असं म्हणायचा, आणि काढायचा. मामी मागून हसायची.

कड्याची राखण म्हणजे मुख्य काम आगीचं. पाऊस संपला, वादळानं उंच गवत लोळवलं, वरून वाळलं पण बुडाशी अजून ओल आहे, अशा दिवसांत आम्ही कड्याभोवती आग लावतो. ती आग म्हाताऱ्या माणसासारखी हळूहळू चालते आणि दव पडलं की निजते. एक वर्ष हे केलं नाही तर उन्हाळा सरताना गवत माणसाच्या डोक्यावर गेलेलं असतं, खडखडीत झालेलं असतं. त्यातच गोऱ्यांनी गुरांसाठी आणलेलं ते परकं गवत आता आमच्याकडेही घुसलंय. ते जळतं तेव्हा झाडांचे शेंडे पेटतात. मग दगड तापतो, तडकतो, आणि भिंतीची कातडी चित्रासकट खपल्या खपल्या होऊन गळून पडते. पलीकडच्या कुळाची कपार अशी एका दुपारी गेली. मी नंतर बघायला गेले होते. जमिनीवर नुसता खच. त्यातली एक खपली मी उचलली, तिच्यावर माशाचा डोळा होता. ती मी परत होती तिथंच ठेवली. दुसरं काय करणार?

मामा भर पावसाळ्यात गेला. बसल्या जागी, हातात चहाचा कप. मग आम्ही रीतीप्रमाणे सगळं बंद केलं. त्याचं घर बंद, तो गळ टाकायला जायचा ती ओढ्याची वाट बंद आणि कडा बंद. बंद म्हणजे बंद. कुणी पाऊल टाकायचं नाही, शिकार करायची नाही, काडी ओढायची नाही. मामा अजून तिथंच असतो, झोपल्यासारखा. मग रडणं पुरतं झालं की एक दिवस जागा उघडायची. राखणदारानं लोखंडी लाकडाच्या झाडाची हिरवी पानं पेटवायची, धूर करायचा. त्या धुरात बायकोनं उभं राहून हाक मारायची आणि सांगायचं, की आता उठा, तुमच्या पाणवठ्याकडे जा, तिथं तुमचे सगळे वाट बघतायत. धुरानं तो जागा होतो आणि हाकेनं त्याला वाट कळते. एकाशिवाय दुसरं नाही.

आता मामी होती डार्विनला. तिच्या मूत्रपिंडांनी हात टेकलेले. आठवड्यातून तीनदा तिला यंत्राला जोडावं लागायचं, आणि ते यंत्र आमच्या गावात नाही. आमची निम्मी म्हातारी माणसं अशीच तिकडं जाऊन बसलीत, फुटपाथवरच्या झाडाखाली, आपल्या मुलखाच्या दिशेला तोंड करून. मामाला पुरायला ती छोट्या विमानानं आली, डोक्याला पांढरी माती फासून. दुसऱ्या दिवशी तिला परत जावंच लागलं. धावपट्टीवर तिनं माझं मनगट पकडलं आणि म्हणाली, "मी येईपर्यंत काही उघडायचं नाही. हाक मीच मारणार."

"बरं मामी," मी म्हटलं. त्या वेळी कोण नाही म्हणेल?

येणं तसं अवघड नव्हतं. एक मोठा ट्रक आहे, त्याच्या पोटात दोन खुर्च्या आणि दोन यंत्रं. गावोगाव फिरतो. तो गावात असेपर्यंत तिकडं अडकलेल्या लोकांना घरी येऊन राहता येतं. रस्ते वाळले की आमच्याकडे पहिला येतो म्हणून कळवलं होतं. मग कळलं, आधी दुसरं गाव. मग कळलं, ट्रकचा काहीतरी भाग मोडलाय. मग नर्स मिळेना. प्रत्येक वेळी मामीची पिशवी भरलेली आणि प्रत्येक वेळी ती पिशवी पुन्हा पलंगाखाली. इकडं गवत काही कुणाच्या नर्ससाठी थांबत नव्हतं. रोज सकाळी मी गाडी घेऊन बंद वाटेच्या तोंडाशी जायची, तिथूनच एक काडी उपटून दातांनी मोडून बघायची. आधी ती वाकायची. मग कटकन मोडायला लागली.

रेंजर ऑफिसाशेजारच्या आंब्याखाली आम्ही बसलो. क्लिफर्ड होता, माझा मामेभाऊ, म्हणजे आता कड्याचा मालक तोच. अंगानं मामासारखाच आडवा, पण स्वभाव मेणाचा. टोपीवाला होता आणि बाकीचे रेंजर.

टोपीवाल्यानं भीत भीत तोंड उघडलं. "जमिनीवर पाय ठेवायचा नाही ना? मग वरून करू. आग लावायच्या गोळ्या टाकतो चारी बाजूंनी. पाय कुणाचाच लागणार नाही."

"आभाळ पण बंद आहे का?" एकानं विचारलं.

"तुझं तोंड बंद आहे का आधी ते बघ," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

क्लिफर्ड काडीनं मातीत रेघा ओढत होता. "आभाळाचं नाही काही. कावळे जातातच की. पण धुराचं काय?"

तिथंच सगळं अडत होतं. धूर झाला की मामा उठणार.

"दरवर्षी इकडून तिकडून धूर येतोच," टोपीवाला म्हणाला.

"वीज पडून आग लागली तर ती कुणाची नसते," मी म्हटलं. "तिकडं तो लक्ष देत नाही. पण राखणदारानं लावलेली आग म्हणजे त्याला उठवणंच झालं. माझ्या हाताचा धूर तो ओळखतो."

"मग तू येऊ नकोस. मी एकटा जातो."

क्लिफर्डनं मान वर केली. "तू एकटा जाऊन माझ्या बापाच्या जागेला आग लावणार?" आवाज चढला नव्हता, पण टोपीवाल्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी क्लिफर्डला म्हटलं, "मालक तू आहेस. तू तरी बोल."

"आईला विचार," तो म्हणाला. बाकी त्याचं काही नाही. चाळिशी उलटली तरी आईला विचार.

म्हणून मी मामीला फोन लावला. तिची यंत्राची वेळ होती. मागं त्या यंत्राची घरघर ऐकू येत होती आणि कुणीतरी टीव्ही मोठ्यानं लावला होता. मी गवताचं सांगितलं, पलीकडच्या कपारीचं सांगितलं, हेलिकॉप्टरचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"नको गं," ती म्हणाली.

"मामी, चित्रं जातील. मामाच्या हातचं कासव जाईल. त्याची पांढरी माती तूच कालवून दिली होतीस ना?"

"मला सांगतेस? हाताला महिनाभर वास होता."

"मग?"

"मग तुझ्या मामांना रस्ता कोण दाखवणार?" ती म्हणाली. "तुला आठवतं, डार्विनच्या त्या मोठ्या दुकानात हरवले होते? बाहेर पडायचं दार सापडेना. दुपारभर चपलांच्या रांगेत बसून राहिले. रानात डोळे मिटून चालणारा माणूस, पण अनोळखी जागेत चार पावलं टाकायची तर माझा हात लागायचा. आता मेल्यावर काय नवी जागा नाही का ती? तू धूर करशील, ते दचकून उठतील, आणि मला शोधतील. मी इथं खुर्चीला बांधलेली."

"मी हाक मारेन. मी सांगेन त्याला."

"तू भाची आहेस. तुझं त्यांनी कधी ऐकलंय?" ती हसली, आणि हसता हसताच तिचा आवाज फाटला. "नोएलीन, पोरी, माझ्याकडे दुसरं काही राहिलं नाही गं. घर नाही, मुलूख नाही, धड लघवीसुद्धा होत नाही. एक हाक राहिलीय. तेवढी मारू दे मला."

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक बरं म्हटलं असणार. फोन ठेवला आणि ऑफिसच्या मागं जाऊन पाण्याच्या टाकीला लाथ घातली. पाय चांगलाच सुजला. टाकीला काही झालं नाही.

मी थांबले. कुणी म्हणू नये की थांबली नाही. ट्रकची वाट बघत थांबले, आणि थांबता थांबता दव पडायचं बंद झालं. मग दक्षिणेकडे, गुरांच्या मळ्यांकडून, एक आग निघाली. कुणी लावली कुणास ठाऊक. दिवसा तिचा धूर तपकिरी भिंतीसारखा दिसायचा आणि घारी तिकडं जमायला लागल्या होत्या. वारा असाच राहिला तर ती कड्यापर्यंत येणार हे सांगायला कुणी शहाणा लागत नव्हता. मी ट्रकवाल्यांना फोन केला. पलीकडची बाई फार गोड बोलली. लवकरच, म्हणाली.

लवकरच.

त्याच सकाळी मी टोपीवाल्याला सांगितलं, इंधन भर. मग क्लिफर्डच्या घरी गेले. तो पायरीवर बसून हंसाची पिसं उपटत होता.

"मी जातेय," मी म्हटलं. "मामीनं नाही म्हटलंय, हे मला माहीत आहे. तू पण नाही म्हण, म्हणजे मी तुझ्याशी भांडते, आणि मग जाते."

तो उठला. हंस पायरीवर ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. आमच्यात मालकानं अशी पाठ केली की त्याचा अर्थ, मी पाहिलं नाही, मी अडवलंही नाही. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीला म्हटलं, "राखणदार मी आहे." आणि गेले.

वरून कडा लहानसा दिसला. चारी बाजूंनी पिवळं गवत, त्याच्या पायाशी येऊन टेकलेलं. टोपीवाला माझ्याकडे बघायचा, मी मान हलवली की तो कळ दाबायचा, गोळ्या पडायच्या, आणि थोड्या वेळानं खाली धुराची एक एक शेपटी उठायची. वारा आमच्या बाजूचा होता. आग कड्यापासून बाहेरच्या बाजूला सरकत गेली, अगदी हवी तशी. आयुष्यात इतकं नेमकं काम माझ्या हातून झालं नव्हतं. धूर मात्र वर यायच्या आधी एकदा आत वळला, कपारीत शिरला आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडला. मी दरवाजातून बाहेर वाकून ओरडायला लागले. मामा, पाण्याकडे जा, ओढ्याच्या उजव्या बाजूनं जा, मामा, तिथं आजोबा आहेत. पंख्याच्या आवाजात मला माझंच ऐकू येत नव्हतं. टोपीवाल्यानं माझ्या शर्टाची कॉलर धरून ठेवली होती, मी पडेन म्हणून. तो काही बोलला नाही. त्यासाठी मी त्याचे उपकार मानते.

मळ्यांकडची आग आली तेव्हा शेंडे जाळत आली. आमच्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन उभी राहिली, इकडं तिकडं हुंगलं आणि विझली. भिंतीची एक खपली पडली नाही. मग साहेब लोक आले, फोटो झाले, कुठल्याशा सभेत माझं नाव घेतलं. मामीनं माझा फोन उचलायचं सोडून दिलं होतं. तिला कुणी सांगितलं विचारू नका. आमच्याकडे बातमी विमानाच्या आधी पोचते.

पाऊस तोंडावर आला, अंगाची नुसती चिकचिक व्हायला लागली, तेव्हा तो ट्रक आला. मागोमाग छोट्या विमानातून मामी उतरली. अर्धी झाली होती. मी हात द्यायला पुढं झाले. तिनं हात घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. क्लिफर्डला म्हणाली, "आधी कड्यावर ने."

रीत राहिली होती ती आम्ही केली. मी हिरवी पानं तोडून आणली, वाटेच्या तोंडाशी ढीग केला, पेटवला. पांढरा दाट धूर झाला. मामी काठी टेकत त्यातून गेली, आम्ही तिच्या मागून. जळलेल्या जमिनीतून कोवळं हिरवं गवत आलेलं होतं, गालिच्यासारखं. भिंत तशीच्या तशी. मामाचं कासव त्यातल्या त्यात वर, इतकं पांढरं की जणू आत्ताच काढून हात धुवायला गेलाय. मामी त्याच्यासमोर उभी राहिली. धूर आमच्या पायांशी घोटाळत होता. सगळे तिच्या हाकेची वाट बघत होते.

तिनं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

"हाक मार ना, मामी," मी म्हटलं.

"कुणाला?"

तिनं काठीनं रिकामी कपार दाखवली.

"इथं कुणी नाही गं," ती म्हणाली. "गाडीतून उतरल्या उतरल्या कळलं मला. इतकी वर्षं त्या माणसाबरोबर काढली, घरात आहेत की बाहेर गेलेत एवढं कळणार नाही का? गेलेत कुठंतरी."

माझं डोकंच फिरलं. अशा वेळी शोभत नाही, पण मी ओरडले. "भिंत बघ की! एक खपली गेली का? एक तरी गेली का? मी नसते केलं तर आज तू राखेत उभी असतीस!"

"बघितली," मामी म्हणाली. "छान ठेवलीस."

ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं खरंच मनापासून म्हटलं. मग खाली दगडावर बसली आणि मला शेजारी बसायला सांगितलं.

"तू बरोबर केलंस. तुझ्या जागी मी असते तर मीही पेटवलं असतं. पण माझ्या जागी तू असतीस ना, तर माझ्याशी जन्मात बोलली नसतीस. एवढा मला तुझा राग आलाय. मी बोलतेय, हे लक्षात ठेव."

मी रडले. क्लिफर्डनं तोंड फिरवलं. बाकीचे पानं विझवायच्या निमित्तानं लांब गेले.

ट्रक गावात होता तोवर मामी रोज वेळेवर जायची, खुर्चीत बसायची, नर्सची थट्टा करायची. आम्हाला वाटलं, सावरली. कासव भाजून दिलं, राखेतली भाकरी दिली, दोन्ही खाल्लं. पण ट्रक निघायच्या दिवशी तिची पिशवी भरलेली नव्हती. क्लिफर्डच्या दारातल्या झाडाखाली ती चटईवर बसून राहिली. विमान आलं, थांबलं, गेलं. दवाखान्यातली सिस्टर येऊन तिच्यासमोर गुडघे टेकून बसली. यंत्राशिवाय काय होईल ते तिनं नीट समजावून सांगितलं. मामीनं तिच्या गालावरून हात फिरवला. "मला ठाऊक आहे बाळा. माझी बहीण अशीच गेली."

सिस्टर गेल्यावर मी तिचे पाय धरले. "हे माझ्यामुळं ना?"

"तुझ्यामुळं, ट्रकमुळं, त्या मेल्या यंत्रामुळं. कितीजणांना शिव्या देऊ? दमले मी."

"मग जा ना परत. जग की चार दिवस."

"आणि ते?" ती म्हणाली. "ते कुठंतरी चपलांच्या रांगेत बसलेले असतील. कुणीतरी जायला नको?"

क्लिफर्ड पायरीवर बसला होता, त्याच्या हातात काही नव्हतं.

"दोन गोष्टी नीट ऐका," मामी म्हणाली. "मी गेले की हे घर बंद करा, वाट बंद करा, माझं नाव टाकून द्या. कडा बंद करायचा नाही. यंदा थोडक्यात वाचलाय, आता एक वर्षसुद्धा चुकवू नका. लोक बोलतील. म्हणावं, तिनंच सांगितलं."

"आणि दुसरं?" क्लिफर्डनं विचारलं.

"मला हाक मारायची नाही. धूर करा, तो करायलाच लागतो. पण हाक नाही. तुम्ही पाण्याकडे जा म्हणाल, आणि मी पडले आज्ञाधारक, सरळ तिकडंच जाईन. मग त्यांना कोण शोधणार?"

तिच्या चेहऱ्यावर थट्टा होती की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

फार दिवस लागले नाहीत. शेवटी शेवटी तिला फक्त झोप यायची आणि अंग खाजायचं. मी ओल्या फडक्यानं पुसत बसायची. एकदा जाग आल्यावर तिनं मला विचारलं, "त्या दिवशी वाऱ्याचं तोंड कुठं होतं गं?" मी म्हटलं, उत्तरेकडे. तिनं मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले.

घर उघडायचा दिवस आला तेव्हा पाऊस थांबून हवा मोकळी झाली होती. सगळं गाव अंगणात जमलं. मी पानं पेटवली. आईसाठी हाक मुलानं मारायची, म्हणून क्लिफर्ड दारात उभा राहिला, जिथं हाक मारणारा उभा राहतो तिथंच. धूर खोल्याखोल्यांतून फिरला, चुलीवरून, तिच्या पलंगावरून, आणि खिडक्यांतून बाहेर आला. क्लिफर्डचं तोंड सवयीनं उघडलं. मग त्यानं ओठ घट्ट मिटले आणि दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

एरवी हाक झाली की बायका डोळे पुसतात, पोरं पळायला लागतात, कुणीतरी चहा ठेवतं. हाक झाली म्हणजे झालं. त्या दिवशी पानं जळून राख झाली, धूर विरून गेला, तरी सगळे उभेच. म्हातारी माणसं माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. आता घरी जायचं की थांबायचं, कुणालाच कळत नव्हतं.